चारशे तेवीस खोडं

47 गुणिले 36 हे गणित मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला घालते आणि दरवर्षी बऱ्याच वह्यांत दोनच चुकीची उत्तरं सापडतात. एक 423, दुसरं 1242. बाकीच्या चुका किरकोळ असतात. कुणाचा हातचा राहतो, कुणाचा सातचा पाढा घसरतो. या दोन चुकांना मात्र घराणं आहे.

423 वाल्याचं पाठांतर चोख असतं. सहा सत्ते बेचाळीस, दोन मांडले, हातचे चार. सहा चोक चोवीस, त्यात चार मिळवले, अठ्ठावीस. पहिली ओळ 282. मग तीनाने गुणतो, 141 येतात आणि ते थेट 282 च्या खाली, एककाखाली एकक धरून मांडतो. बेरीज 423. आपण तीनाने नाही, तिसाने गुणतोय, हे त्याच्या गावी नसतं. 1242 वाल्याला बेरजेची सवय नडते. बेरजेत एककात एकक आणि दशकात दशक मिळवतात, म्हणून इथेही तो सात आणि सहा, चार आणि तीन अशा जोड्या लावून मोकळा होतो. 42 उजवीकडे, 12 डावीकडे.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे 'दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य द्या'. काही शाळांत शून्याऐवजी फुली मारायला सांगतात. हा नियम पाठ होतो आणि परीक्षेत कामीही येतो. पण ते शून्य का द्यायचं, असं पाचवीच्या मुलाला विचारून बघा. 'मॅडमनी सांगितलंय' एवढंच उत्तर मिळतं. एकदा माझ्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने एक अंकी गुणाकारातही शून्य देऊन टाकलं होतं, आणि नियमाच्या बाजूने बघितलं तर त्याचं काय चुकलं?

आमची शाळा जळगाव जिल्ह्यात, गिरणाकाठच्या गावात. वर्गातली निम्मी मुलं केळीच्या घरची, नाहीतर केळीच्या मजुरीवर असलेल्या घरची. त्यामुळे हे गणित मी वहीत न घालता शेतात घातलं. 36 ओळी, एका ओळीत 47 खोडं, तर खोडं किती? मागच्या बाकावरून लगेच हरकत आली, "मॅडम, ओळी सारख्या नसतात. बांधाकडच्या ओळीत कमी भरतात." खरं होतं. मी म्हटलं, आपलं शेत अगदी चौकोनी, बांधही सरळ. तेवढं मान्य झालं.

मग फळ्यावर 423 लिहिलं आणि विचारलं, "अंदाजे हे बरोबर वाटतं का?" तो हरकत घेणारा मुलगा हसला. म्हणाला, "एवढ्यात तर पाव एकरच होईल!" पाच बाय पाच फुटांवर लावलं की एकरी सतराशेच्या आसपास खोडं बसतात, हे त्याने घरी रोपांची मागणी देताना कितीदा तरी ऐकलेलं. शेत केवढं ते आम्ही वर्गात काढलं. एक बाजू 235 फूट, दुसरी 180, म्हणजे जवळपास एकरभर. तिथे 423 खोडं लावून उरलेल्या जागेचं काय करायचं, यावर वर्गात बरीच करमणूक झाली. त्या मुलाचा पाढा कच्चा आहे, पण उत्तर चुकलंय हे सगळ्यांत आधी त्याला कळलं.

चूक कुठे झाली ते शोधायला फळ्यावर एक मोठा आयत काढला. आडव्या बाजूला 40 आणि 7, उभ्या बाजूला 30 आणि 6. मधून दोन रेषा मारल्या की शेताचे चार तुकडे पडतात. सर्वांत मोठा चाळीस गुणिले तीस, 1200. सात गुणिले तीस, 210. चाळीस गुणिले सहा, 240. कोपऱ्यातला चिमुकला तुकडा सात गुणिले सहा, 42. एकूण 1692. आता 1242 लिहिणाऱ्या मुलीला पुढे बोलावलं आणि तिने मोजलेले तुकडे रंगवायला सांगितले. तिने मोठा तुकडा रंगवला, चिमुकला रंगवला, उरलेल्या दोन कोऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे दोन राहिले की!" 210 आणि 240 मिळून 450. तिच्या 1242 मध्ये तिनेच ते मिळवले. मला खोडरबर द्यावं लागलं नाही.

उभी मांडणी मी यानंतरच शिकवते. 282 ही 42 आणि 240 ची बेरीज, 1410 ही 210 आणि 1200 ची. शून्य कुठून आलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. वेळ जास्त जातो, हे कबूल. पाठ मागे पडतो आणि शेजारच्या वर्गाचा भागाकार सुरूही झालेला असतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे 1150 सालच्या ग्रंथात, गुणाकाराचं उदाहरण आहे 135 गुणिले 12. ते सोडवायच्या रीती त्यांनी एक नव्हे, अनेक दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा, किंवा दहा आणि दोन करा. आधी तीनाने आणि मग चाराने गुणा. नाहीतर सरळ विसाने गुणून आठपट वजा करा. आमच्या जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. 'लीलावती'तलं हे 135 गुणिले 12 मी वर्गाला रीत न सांगता देते. 1620 पर्यंत मुलं आपापल्या वाटेने पोचतात. दहा आणि दोनची फोड तर कुणी ना कुणी करतंच. विसातून आठ वजा करणारं मूल क्वचितच भेटतं. भेटलं की त्याला फळ्याशी उभं करून सगळ्यांना समजावायला लावते.

हे सगळं वाचून पाढे पाठ करणं जुनाट झालं असं कुणी समजू नये. चार तुकडे दिसले तरी 'सहा सत्ते' बोटांवर मोजत बसणाऱ्या मुलाचा जीव तिथेच दमतो. आमचे आजोबा पावकी, निमकी, दिडकी, औटकी घडाघडा म्हणायचे आणि बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. औटकी नको, पण वीसपर्यंतचे पाढे हवेतच. त्याबाबतीत मी कडक आहे आणि त्याबद्दल पालकांची बोलणीही खाते.

पालक मोबाईलवर आलेल्या झटपट गुणाकाराच्या चित्रफिती पाठवतात. आडव्या-उभ्या रेषा मारून छेद मोजायचे, किंवा तिरके गुणून मधे मांडायचं. त्यात खोटं काही नाही. तिरकं गुणून मिळतात ते आमचेच दोन पट्टे, 24 दशक आणि 21 दशक. पण तुकडे माहीत नसलेल्या मुलाला ती जादू वाटते, आणि जादूत चूक झाली तर ती शोधता येत नाही. तेव्हा एवढंच करा. घरी वही तपासायला घेतलीत, तर उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगू नका. गणित सोडवायच्या आधी 'अंदाजे किती येईल?' असं विचारा. चाळीस आणि तीसचे बाराशे तर होतीलच, एवढं मूल बोललं की पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.