आमची लहान मोटार

आमच्या लहानपणीं मोटार ही श्रीमंतीची खूण समजली जात असे. शिक्षकाच्या घरीं सायकल, आणि फार झालें तर एखादी स्कूटर. १९८३ सालीं मारुती ८०० निघाली, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबांसही मोटारीची आशा वाटूं लागली. तिच्यांतील यंत्र तीन सिलिंडरचें व ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचें होतें. पुढें तितक्याच क्षमतेचें यंत्र असलेली ऑल्टो निघाली. तशी एक गाडी आज आठ वर्षें माझ्या दारीं आहे.

ती मीं हौसेखातर घेतली नाहीं. घर वाईस, शाळा पांचगणीस, म्हणून पसरणीचा घाट रोजचाच. शिवाय वृद्ध आईस महिन्यांतून दोन वेळां साताऱ्याच्या दवाखान्यांत न्यावें लागतें. पगार बेताचा असल्यामुळें पेट्रोलचा हिशेब मी वहींत ठेवितों. घाट असूनही लिटरास सरासरी १८ किलोमीटर पडतात.

अशा गाडीचा खरा गुण वेग नव्हे, समतोल होय. वजन बेताचें, म्हणून लहान यंत्रास ती जड होत नाहीं; आणि यंत्र लहान, म्हणून पेट्रोल थोडें लागतें. चौघे बसून घाट चढतांना खालचा गिअर लावावा लागतो, हवा थंड करणारें यंत्र क्षणभर बंद ठेवावें लागतें. तथापि ती वर पोहोंचविल्यावांचून राहत नाहीं.

परंतु काटकसर केवळ गाडींत नसते. ती चालविणाऱ्याच्या पायांतही असते. ताशीं ५० ऐवजीं १०० किलोमीटर वेग केला, तर हवेचा विरोध सुमारें चौपट होतो. वारंवार ब्रेक दाबला, तर पेट्रोलनें मिळविलेली गति उष्णता होऊन वायां जाते. टायरमध्यें हवा कमी असली, तरी खर्च वाढतोच.

एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, उतारावर गाडी आपोआप धांवते, मग न्यूट्रल करून पेट्रोल कां वांचवूं नये?” प्रश्न चांगला आहे, पण समजूत चुकीची. हल्लींच्या गाडींत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं उतारावर पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप थांबतो. चाकेंच यंत्रास फिरवितात, आणि यंत्र गाडीस आंवरून धरतें. न्यूट्रलमध्यें मात्र यंत्र चालू राहण्यास पेट्रोल जळतच राहतें. शिवाय सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि अति तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. मागें आई बसलेली असतां हा धोका कोण पत्करील?

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्याही हातीं चाक येईल. थोडक्यांत भागविणें हा सद्गुण खरा. पण जी काटकसर जिवाशीं खेळते, तिला काटकसर म्हणूं नये. घाट चढतांना जो गिअर, तोच उतरतांना, एवढें ध्यानांत ठेवा.