कोणतं इंजेक्शन?

वजन उतरवणारं माउंजारो इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं, आणि लग्नाच्या पंगतीतही प्रश्न ऐकू येऊ लागला : "दोन्हींतलं चांगलं कोणतं?" माझ्या थोरल्या वहिनींसाठी मीही तो विचारला. बीएमआय तिशीपुढे, गुडघे दुखतात, आणि गेली कित्येक वर्षं मधुमेह. डॉक्टरांनी दोन्ही नावं सांगितली आणि घरी बोलून ठरवायला वेळ दिला.

वरवर पाहता उत्तर सोपं आहे. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करतं. माउंजारोतलं टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. भूक मंदावते, थोडक्यात पोट भरतं. दोन्ही औषधांची थेट तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्येच प्रसिद्ध झाले : ७२ आठवड्यांत टिर्झेपाटाइडवाल्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवाल्यांचं १३.७ टक्के. मग विचार कसला करायचा?

विचार करायचा तो वहिनींचा. त्या चाचणीत मधुमेही माणसं घेतलीच नव्हती. मधुमेह असला की दोन्ही औषधांनी वजन कमी उतरतं. मधुमेहींवरच्या स्वतंत्र चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी ९.६ टक्के, तर टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसाने १४.७ टक्के घट दिसली. म्हणजे टिर्झेपाटाइड सरसच दिसतं, पण वीस टक्क्यांची आशा धरून बसणाऱ्या बाईला आपण आधीच निराशेकडे ढकलतो. हे कुणीतरी तिला स्पष्ट सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

हृदयविकार आधीपासून असता तर पारडं फिरलं असतं. मधुमेह नसलेल्या, पण वजन जास्त आणि हृदयविकार असलेल्या १७,६०४ माणसांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारामुळे येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवलं. हा आकडा काट्यावर दिसत नाही, म्हणून पंगतीत कुणी तो सांगत नाही.

आणि काटा तरी किती खरं सांगतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच दाखवून दिलंय, की दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबी बरीच असते, विशेषतः पोटात. तेव्हा वहिनींच्या बाबतीत मी किलोंच्या आधी कमरेचा घेर आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, विचारतो. लग्नाआधी चार किलो उतरवायला हीच इंजेक्शनं मागणाऱ्यांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे : ती त्यांच्यासाठी नाहीत.

खरा प्रश्न पैशाचा निघाला. औषध बंद केलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचं नोंदलं गेलं आहे. म्हणजे आपण निवडतोय तो वर्षानुवर्षांचा खर्च. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. ज्या घरात पेन्शनवर औषधपाणी चालतं, तिथे पाच टक्के जास्त उतरवून सहा महिन्यांत बंद पडणाऱ्या औषधापेक्षा थोडं कमी उतरवणारं, पण पुढे चालू राहणारं औषध मला बरं वाटतं.

वहिनींनी सेमाग्लुटाइड घेतलं. पेन फ्रिजमध्ये असतं, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. रविवारी सकाळी त्या पेनाची चकती फिरवून ०.२५ आणतात, पोटाला सुई लावून बटण दाबतात आणि सुई बाहेर काढायच्या आधी सावकाश सहापर्यंत मोजतात. पहिल्या दिवसांत मळमळलं. आता भाकरी अर्ध्यावर राहते, म्हणून आम्ही ताटात आधी उसळ आणि अंडं वाढतो. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, आणि वय वाढल्यावर गेलेला स्नायू सहज परत येत नाही.

साखरेची जुनी गोळी डॉक्टरांनी निम्मी केली, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते. साखर झपाट्याने उतरली तर मधुमेहींच्या डोळ्यांतला जुना पडद्याचा आजार बळावण्याचाही धोका असतो. त्यामुळे डोस वाढवण्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्यायची आहे. दुकानदार पुढच्या डोसाचं पेन लगेच द्यायला तयार आहे, पण मी वहिनींना थांबायला सांगितलंय.