उर्वरित

महाराष्ट्राच्या सरकारी हिशेबात तीन प्रदेश आहेत. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मी तिसऱ्यातला. गाव यावल, जिल्हा जळगाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी.

‘उर्वरित’ हा शब्द कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नाही. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्येच विदर्भ, मराठवाडा आणि बाकीचा महाराष्ट्र अशी विभागणी आहे. या बाकीच्यात यावलसोबत कोण कोण आहे बघा: मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला ही रचना लगेच ओळखू येते. पहिली अट विदर्भ, दुसरी अट मराठवाडा, आणि जे कशातच बसलं नाही ते ‘एल्स’मध्ये. ज्या केसचा वेगळा विचार करायचा नसतो ती आपण एल्समध्ये टाकतो. आणि एल्समध्ये एकदा मुंबई-पुणे आले की सरासरी अशी चढते की कागदावर यावलही सुखी दिसतं.

आता विजेबद्दल.

यावलहून तापी ओलांडली की भुसावळ, आणि भुसावळच्या पलीकडे दीपनगर. तिथे औष्णिक वीज केंद्र आहे. ५०० मेगावॅटचे दोन संच, आणि शेजारी ६६० मेगावॅटचा नवा संच. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं. राखेचं तळं वेल्हाळ्याजवळ. पश्चिमेला धुळे जिल्ह्यात गेलात तर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, २०१३ पासूनचा. म्हणजे कोळसा, वारा, ऊन, तिन्हीपासून खान्देशात वीज बनते.

आणि आमच्या शिवारात थ्री फेज लाईट येते ती पाळीने. शेतीपंपांसाठी वर्षानुवर्षं चालत आलेलं वेळापत्रक असं: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की आप्पा एक-दीडला उठतात. तुम्ही म्हणाल, मोटरला ऑटो स्विच लावा. लावलाय. मोटर आपोआप सुरू होते, पण ड्रिपचे वॉल बदलायला माणूसच लागतो. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या काही बातमीपुरता नसतो. आप्पा एकसष्ट वर्षांचे आहेत, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. मी पुण्यात, बहीण सुरतेला. रात्री शेतात जायला घरात दुसरं कुणी नाही. त्यांचं यावर एकच वाक्य असतं, “धूर अठी, लाईट तठी.”

हे वाक्य मी एकदा पुण्यात माझ्या रूममेटला ऐकवलं. तो चंद्रपूरचा. तो जोरात हसला. “काय बे, तुमचं दीपनगर जळते ते आमच्याच कोळशावर. धूर आमच्याकडेही आहे, खड्डेही आमच्याकडेच आहेत.” त्याच्या जिल्ह्यातलं चंद्रपूर केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सरकारी वीज केंद्रांत सगळ्यात मोठं. तो विदर्भवादी आहे. वेगळं राज्य झालं पाहिजे, असं तो जेवताना, क्रिकेट बघताना, कपडे वाळत घालताना म्हणू शकतो. आणि त्याच्याकडे कागद आहेत.

कागद खरंच आहेत. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासनं त्यात होती. १९५५ साली फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारसच केली होती. ती मान्य झाली नाही. पुढे १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने कोणत्या भागात काय कमी पडलं याचा पहिल्यांदा नीट हिशेब मांडला आणि अनुशेषाचा आकडा काढला, सुमारे ३,१८६ कोटी रुपये. ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रुजला तो तिथून. तो हिशेब जिल्हावार होता. पण १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं निघाली ती तीनच: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली.

रूममेटचं ऐकताना मला सारखा एक प्रश्न पडायचा. राग आमच्याकडेही आहे, मग आमच्याकडे चळवळ का नाही? वेगळ्या खान्देशाची भाषा कधीमधी निघते, पण समोरचा चहा थंड व्हायच्या आत संपते.

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. विदर्भ मध्य प्रांतातून आला, मराठवाडा हैदराबाद संस्थानातून. दोघंही बाहेरून आले, म्हणून अटी घालून आले. खान्देश १८१८ पासून मुंबई इलाख्यातच होता. घरातल्या माणसाशी कुणी करार करतं का? त्यामुळे आमच्याकडे मोडलेलं वचन नाही. आणि मोडलेलं वचन नसेल तर रागाला पत्ता मिळत नाही.

हा राग काही आपल्याकडचाच नाही. कॅनडात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे, तेलावर उभा. १९८० मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला, तेव्हा ‘आमचं तेल पूर्वेकडच्यांना स्वस्तात’ म्हणून तिथे एवढा भडका उडाला की १९८२ च्या पोटनिवडणुकीत फुटीरतावादी पक्षाचा उमेदवार प्रांतिक विधानसभेत निवडून आला. अजूनही ती भाषा तिथे अधूनमधून उसळते. पण एक फरक आहे. तिथे खनिजाचा महसूल प्रांताचाच असतो. अल्बर्टाचा राग हा पैसा असलेल्याचा राग आहे, माझ्यातला कुणी का वाटा घेतो असा. आमचा राग उलटा आहे, आमचा वाटा मोजलाच कधी?

आपल्या जवळचं उदाहरण झारखंडचं. १९५२ नंतर केंद्राच्या भाडे समानीकरण धोरणाने कोळसा-लोखंड देशभर सारख्याच दराने मिळू लागलं, मग खाणीजवळ कारखाना काढायची गरजच उरली नाही. ते धोरण चार दशकं चाललं. १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड वेगळं झालं. राजधानी पाटण्याहून रांचीला आली. पण झरियाच्या जमिनीखाली शंभरहून जास्त वर्षं धुमसणारा कोळसा वेगळ्या राज्यातही धुमसतोच आहे. झरियाच्या माणसासाठी आधी पाटणा लांब होतं, आता रांची लांब आहे.

मी रूममेटला विचारलं, “उद्या विदर्भ झाला, तर गडचिरोली कुठल्या रकान्यात?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ते नंतर बघू ना.” हे ‘नंतर’ मला ओळखीचं वाटलं. उर्वरितचंच ते दुसरं नाव.

एक दिवस मात्र मी स्वतः फुटीरतावादी व्हायच्या बेतात होतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. लॉकडाऊनमुळे मी यावलला, घरून काम. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, आमच्या कॉलवरचे मुंबईचे चौकोन एकेक करून काळे पडले. काही तासांत वीज आली, पण तोवर ती देशभरची मोठी बातमी होती. चौकशीचे आदेश निघाले, पुढे महिनोन्महिने कारणांची चर्चा चालली. मला मुंबईचा राग नाही. दवाखाने, लोकल, कोविडचे पेशंट, सगळं त्या विजेवर होतं. पण त्या आठवड्यात आमच्या शिवाराची पाळी रात्रीची होती, आणि तिची चौकशी होऊ शकते हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आमच्याही नाही. एका ठिकाणी वीज जाणं ही घटना असते, दुसऱ्या ठिकाणी ते हवामान असतं.

आणि विजेसाठी जमीन दिलेल्यांचं काय होतं, तेही याच खान्देशाने पाहिलंय. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातलं विखरण. तिथले शेतकरी धर्मा पाटील, वय ८४. वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली, आंब्याच्या झाडांसकट. मोबदला ठरला सुमारे चार लाख. योग्य मोबदल्यासाठी ते कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, २८ जानेवारीला ते गेले. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रं हलली. त्यांनी वेगळं राज्य मागितलं नव्हतं. आपल्या जमिनीची मोजणी बरोबर करा, एवढंच मागितलं होतं.

मोजणी. माझ्या मते सगळं तिथेच अडलंय.

ताजं उदाहरण देतो. २०२४ मध्ये शेतीपंपांना मोफत विजेची योजना आली, साडेसात एचपीपर्यंत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही दुसरी योजना, त्यातही पंप तीन, पाच आणि साडेसात एचपीचे. सौर पंप म्हणजे दिवसा पाणी, रात्रीचं उठणं बंद. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या भागात बोअर एवढे खोल गेलेत की आमची मोटर दहा एचपीची आहे. हौस म्हणून नाही, त्याखाली पाणी वर चढत नाही म्हणून. साडेसातचा आकडा राज्याच्या सरासरीला बरोबर असेल. पण उर्वरितमधल्या एका तालुक्यात पाणी किती खोल आहे, हे त्या सरासरीला दिसत नाही. त्यामुळे मोफत वीजही आमच्या बांधावरून पुढे जाते आणि सौर पंपही.

या वर्षी आप्पांनी दोन एकरांतली केळी काढली आणि हरभरा पेरला. हरभऱ्याला एक-दोन पाणी दिलं तरी भागतं, रात्री जागावं लागत नाही. फोनवर त्यांनी हे मला हवापाण्यासारखं सांगितलं. यावलच्या माणसाने केळी काढणं ही साधी गोष्ट नाही. पण कुठल्याच अनुशेषात ही दोन एकर नोंदली जाणार नाहीत.

मला वेगळा खान्देश नकोय. राजधानी धुळ्याला की जळगावला यावरच आम्ही दहा वर्षं भांडू, आणि तोवर यावल पुन्हा कुणाच्या तरी उर्वरितमध्ये असेल. पण वेगळं राज्य मागणाऱ्यांना मी आता हसतही नाही. वेगळं राज्य म्हणजे त्यांना आपल्या नावाचा रकाना हवाय. मला तो रकाना राज्याच्या आतच हवाय, आणि आणखी बारीक. हिशेब तालुक्याचा करा. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हे अवघड नाही. प्रत्येक फीडरला मीटर बसू शकतो. कुठे दिवसा किती तास, कुठे रात्री किती तास, हे रोज फोनवर दिसू शकतं. २०१५ च्या कायद्याने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, म्हणजे जिथून माल निघतो तिथे वाटा राहिला पाहिजे हे तत्त्व आपण मान्य केलंय. मग जिथे तो कोळसा जळतो, जिथे राख पडते, जिथे पवनचक्कीसाठी पठार जातं, त्या तालुक्यांना हेच तत्त्व का नाही? आणि वाटा पैशात द्यायचा नसेल तर तासांत द्या. दिवसाचे आठ तास, बाराही महिने.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हे कुठी लिहून द्यायचं असतं?”

मी म्हटलं, बघतो. म्हणून आधी इथे लिहिलं.