लाल फुलीचा धडा

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या मुलांना दरवर्षी वाहतुकीच्या खुणा शिकवायच्या असतात. भिंतीवर तक्ता लावायचा, छडीने एकेक चित्र दाखवायचं आणि मुलांनी एका सुरात उत्तर द्यायचं. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे इशारा, चौकोनी म्हणजे माहिती. चाचणीत कुणाचं चुकलं तर मी गुण कापते. पण मैत्रिणींनो, याच बाई प्रत्यक्ष रस्त्यावर सपशेल नापास झाल्या, ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

नणंदेच्या मुलीचं डोंबिवलीला लग्न होतं. आम्ही साताऱ्याहून पहाटेच निघालो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. निघायच्या गडबडीत कुणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कामशेतचा बोगदा मागे पडला आणि धाकट्याने भुणभुण सुरू केली. हे म्हणाले, "थोडा दम धर, फूड मॉल आला की थांबू." मी म्हटलं, "तिथले भाव माहीत आहेत ना? डब्यात दशम्या आहेत. घ्या जरा बाजूला, पाच मिनिटांचं तर काम!"

ह्यांनी मुकाट्याने कडेच्या पट्टीवर गाडी घेतली. समोरच पाटी होती. निळ्या गोलावर लाल फुली. ती मला दिसली होती, खोटं कशाला सांगू? पण आपल्या गावात अशा पाटीखालीच भाजीची गाडी उभी असते. सवयीने मी तिच्याकडे काणाडोळा केला.

डिकीवर डबा ठेवून मी दशम्या काढू लागले. झाकण हातातून निसटलं आणि घरंगळत थेट रस्त्यावर गेलं. "आई, मी आणतो," म्हणत सहा वर्षांचा धाकटा त्याच्यामागे धावला. ह्यांनी झेप घेऊन त्याची कॉलर धरली आणि मागे खेचलं. त्याच क्षणी एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. त्याच्या वाऱ्याने माझा पदर उडाला. झाकण पार चपटं झालं होतं.

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी नातवाला पोटाशी धरलं. एवढ्यात गस्तीची गाडी आली. त्यातला माणूस रागावला नाही, एवढंच म्हणाला, "ताई, पाटी वाचली नाहीत का?" मी काय उत्तर देणार? निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर वाहन लावून ठेवायचं नाही आणि फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, हा फरक मीच तर मुलांना शिकवते!

घरी आल्यावर मी हे सगळं नव्याने समजून घेतलं. २००२ साली पूर्ण झालेला हा सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता आपल्या नेहमीच्या रस्त्यासारखा नाहीच. इथे दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पायी चालणाऱ्यांना मज्जाव आहे. त्यामुळे कुणी मूल आडवं येईल, असं चालकाच्या मनातही येत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. आमचा एक वर्ग सात मीटर लांब आहे. म्हणजे आपण "अगं बाई!" म्हणेपर्यंत चार वर्ग पार! शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं ते याचसाठी. पावसात ते आणखी वाढवायचं.

तीन मार्गिकांचंही तसंच. डावीकडची जड आणि सावकाश वाहनांची, उजवीकडची फक्त पुढे जाण्यासाठी. पुढे गेलो की परत मधल्या मार्गिकेत यायचं. बाहेर पडायचा फाटा चुकला तर गाडी एक इंचही मागे घ्यायची नाही, पुढच्या फाट्याने वळून यायचं. चार लिटर पेट्रोल जास्त जाईना का! आणि गाडी खरोखरच बंद पडली, तर ती डाव्या कडेला घेऊन चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवायचा, सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि ११२ ला फोन करायचा.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायलाच हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मुलाला मांडीवर घेतलं की ते सुरक्षित, ही आपली भाबडी समजूत. धक्का बसला की आईच्या हातात तेवढं बळ उरत नाही.

तुम्ही म्हणाल, गाडी तर हे चालवतात, आपला काय संबंध? पण गाडी थांबवायला कोण सांगतं? "जरा हळू" किंवा "जरा लवकर" कोण म्हणतं? आपणच ना! मग पाट्याही आपल्याला वाचता यायला हव्यात. हल्ली प्रवासात पाट्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. मुलांना निघण्याआधीच खाऊ घालते आणि काटा-सुरीची पाटी दिसली की ह्यांना आधीच सांगते. फूड मॉलमधला चहा महाग असतो खरा, पण आता मी त्याचा हिशेब करत नाही.

तो डबा अजून घरात आहे. नवं झाकण मुद्दामच घेतलं नाही, वर ताटली ठेवते. यंदा वर्गात लाल फुलीचं चित्र आलं तेव्हा छडी बाजूला ठेवली आणि मुलांना ही हकिकत सांगितली. वर्ग चिडीचूप झाला. त्या चाचणीत फुलीचं उत्तर एकाचंही चुकलं नाही.