मृत्यूची नोंद आढळत नाही

३ जून, अकोला

चुलतभावाच्या मुलाची जात पडताळणी अडली आहे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि कागद जितका जुना तितका वजनदार. म्हणून गावच्या कोतवालबुकाच्या नकला काढायला त्याच्यासोबत गेलो. जन्माच्या पानावर लेकराचं नाव नसतं, फक्त अमक्याला मुलगा, तमक्याला मुलगी. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे ‘मुलगा’ असं तीन ठिकाणी दाखवलं. घरच्या वंशावळीत मात्र दोनच भाऊ आहेत.

तिसरा लहानपणीच गेला असेल म्हणून मृत्यूची पानं उलटली. थोरल्याचा मृत्यू सापडला, पणजोबांचाही सापडला. तिसऱ्याचा नाही. वाटेत १९१८ चे ऑक्टोबर-नोव्हेंबर लागले. पानामागून पान, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’. मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत, देशातली सर्वांत जास्त माणसं गेली त्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते, हे वाचून माहीत होतं. इथं ते आडनावांनिशी होतं.

चुलतभावाला दोन भाऊ पुरेसे होते. त्यानं नकलांचे पैसे भरले.

५ जून, अकोला

आत्याकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, कान गेले, बाकी शाबूत. तिसऱ्याचं विचारलं तर आधी म्हणाली, “काशीले गेला तो.” घरातलं अधिकृत उत्तर हेच. मग सून आत गेल्यावर:

“नागपूरले नेलं त्याले. मानमोडीत बायको गेली, लेकरू गेलं, मंग तो बोलेचना. रातभर वावरात फिरे, लोकाइच्या इहिरीत डोकावे. पोलीस पाटलानं रिपोट केला.”

“मंग काशी कायले सांगितलं?”

“पोरीइचे लगनं जमले पाहिजे ना बापा. पागलखान्यातला माणूस असलेल्या घरी कोन देते पोरगी? तू कायले उकरून रायला आता?”

तिला हे तिच्या आजीनं, म्हणजे त्याच्या भावजयीनं, सांगितलं होतं. आजीनं त्याचं नाव कधी घेतलं नाही. ‘तो’ म्हणायची.

६ जून, अकोला

शेगावची गजानन महाराजांची पालखी शहरात आहे, त्यामुळे आज कुठलंच काम होणार नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली. गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते १८७८ साली, उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. अंगावर धड कपडा नाही, नावगाव सांगत नाहीत. त्याच काळात अमरावतीला सरकारी वेड्यांचं इस्पितळ होतं आणि मोकाट फिरणाऱ्या वेडसर माणसाला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायची जबाबदारी १८५८ च्या कायद्यानं पोलिसावर टाकली होती. त्यांना पाहणाऱ्या बंकटलाल अग्रवालाच्या आधी एखादा शिपाई तिथं पोचला असता तर? हा विचार पालखीसमोर करावा की नाही, कळत नाही. पण आमच्या घरच्याला ज्यानं पाहिलं तो पोलीस पाटील होता, एवढाच फरक मला दिसतो.

९ जून, अमरावती

मेहुण्याच्या घरी, कूलरसमोर, जुने अहवाल वाचत. अमरावतीला ते इस्पितळ होतं तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. त्यामुळे अमरावतीच्या इस्पितळाचे अहवाल ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाखाली निघत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं हिंदुस्थानातल्या अशा इस्पितळांचे अहवाल स्कॅन करून खुले ठेवले आहेत. आमचा माणूस त्यांत असणार नाही. तो बऱ्याच नंतरचा, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडल्यावर सगळी वाट नागपूरकडेच वळली. तिथलं इस्पितळ १८६४ पासूनचं. तरी हे वाचतो आहे, कारण त्याच्यासारख्याबद्दल सरकार काय विचारत होतं ते यांतून समजतं.

नाव नाही. धर्म, वय, धंदा, किती बरे झाले, किती मेले, किती पळाले, डोईमागे खर्च किती. मृत्यूचा तक्ता पाहिला की वेडानं मेल्यासारखे थोडे. हगवण, अतिसार यांनीच बरेच. पाण्याचा आणि गर्दीचा हिशोब वेडाच्या खात्यात जमा झालेला.

सगळ्यांत खोटा रकाना कारणाचा. १८९३-९४ च्या गांजा कमिशननं हा रकाना उघडा पाडला. १८९२ साली इस्पितळांत आलेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण गांजा-भांग-चरस लिहिलं होतं. कमिशननं एकेका प्रकरणाची गावात जाऊन चौकशी करवली आणि त्यातली ९८ च टिकली. झालं असं की, माणूस सोबत पाठवताना पोलिसाला कारण भरावं लागे. त्याला ते माहीत नसे. गांजा ओढतो का, एवढं विचारलं की काम भागे. डॉक्टर तेच पुढे उतरवून घेई, वर्षअखेर त्याचीच बेरीज होई आणि ती बेरीज मग विलायतेतल्या चर्चेत पुरावा म्हणून मांडली जाई.

आत्याला फोन लावून मोठ्यानं विचारलं, “तो गांजा ओढे का?”

“तवा कोन नाई ओढे?”

म्हणजे त्याचा कागद सापडला तर त्यावर बायको-लेकराचा उल्लेख असेलच असं नाही. गांजा बहुधा असेल.

१२ जून, अमरावती

कागद असायचा तर कुठे, याचा विचार. १९१२ च्या लूनसी ॲक्टप्रमाणे, म्हणजे वेड्यांच्या कायद्याप्रमाणे, पोलिसानं धरलेला माणूस मॅजिस्ट्रेटपुढे जाई, सरकारी डॉक्टर दाखला देई, मग दाखल करण्याचा हुकूम निघे. म्हणजे एक तुकडा अकोल्याच्या कोर्टाच्या जुन्या दप्तरात, एक नागपूरच्या इस्पितळात, आणि सचिवालयापर्यंत काही गेलंच असेल तर नागपूरच्या पुराभिलेखागारात. वकील मित्र म्हणाला, पहिल्यावर भरवसा ठेवू नको. फौजदारी दप्तरं ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात.

इस्पितळाला अर्ज लिहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. इंग्लंडात असे कागद साधारण शंभर वर्षांनी खुले होतात आणि लोक पूर्वजांचे फोटोसुद्धा मिळवतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची गुप्तता कुणासाठी पाळायची, असं पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य काढलं. रजिस्टरच्या एका पानावर आमचा माणूस एकटा नसणार. त्याच्या वर-खाली कुणाची तरी आजी, गावाच्या नावासकट. वऱ्हाडात गाव आणि आडनाव कळलं की घर विचारावं लागत नाही. पान मागायचं नाही, फक्त त्याच्या ओळीचा उतारा मागायचा, असं ठरवलं.

नात्याचा पुरावा म्हणून काय जोडणार? तीन ‘मुलगा’ नोंदींच्या नकला. त्यांतला तो कोणता, हे त्या सांगत नाहीत.

१७ जून, अकोला

पाऊस नाही, ढग येऊन परत जातात. चुलतभाऊ सकाळीच आला. त्याला हे प्रकरण आत्याकडून कळलं होतं आणि तो तापलेला असणार असं मी धरून चाललो होतो. पोरीचं स्थळ चालू आहे, मागं तो म्हणालाही होता की घरातलं झाकलेलं झाकलेलंच बरं.

चहा होईपर्यंत तो गप्प. मग म्हणाला, “मराठ्याइच्या कुणबी नोंदीसाठी ते शिंदे समितीवाले जुन्या कैद्याइचे रजिस्टरं पाहून रायले होते ना? त्याइच्यात जात लिहेल राहे.”

“हो.”

“मंग पागलखान्याच्या रजिस्टरात जातीचा रकाना असन का?”

असावा, म्हटलं. सरकार तेव्हा जात विचारल्याशिवाय कुणाला आत घेत नसे आणि बाहेरही सोडत नसे.

त्यानं अर्ज मागून घेतला, खाली स्वतःचं नाव घालून सही केली आणि ‘उतारा’ शब्दाच्या आधी ‘साक्षांकित’ असं बारीक अक्षरात लिहिलं. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तिसरा भाऊ घालायलाही तो तयार आहे. फक्त त्याच्या नावापुढे ‘निर्वंश’ एवढंच लिहायचं, कुठे मेला ते नाही.