दोन टर्बोंचं गणित

गुरुवार, 5 जून 2025. हेब्बाळ औद्योगिक वसाहत, म्हैसूर

गाडी आज फ्लॅटबेडवरून उतरली. निसान 370झेड. दोनच आसनं, पुढे 3.7 लीटरचं व्ही-सिक्स इंजिन, ताकद मागच्या चाकांना. मालक बेंगळुरूचा. परदेशी ट्विन टर्बो किट वाहतूक आणि आयात शुल्क धरून त्याच्या आवाक्याबाहेर जातं. त्याने विचारलं, इथे बनेल का? आणि मग दुसरं विचारलं: माझ्यासारख्या आणखी चार जणांना घेता येईल अशा किमतीत बनेल का? त्या दुसऱ्या प्रश्नावर मी काम घेतलं. एका गाडीला एकदा काहीतरी जुळवून देणारे हात आपल्या देशात भरपूर आहेत. किट म्हणावं ते ज्याची ड्रॉइंग आहेत, ज्याला जिग आहे आणि जे दुसऱ्या गाडीवर हातोडा न मारता बसतं.

माझी अट एकच, आणि ती कागदावर घेतली. ही गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल स्पष्ट आहेत: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. मालक नोंदणी रद्द करून घेतोय. यापुढे ती ट्रकवर चढून ट्रॅकवर जाईल आणि ट्रकवरूनच परत येईल. ते होईपर्यंत मी फक्त मापं घेणार.

शनिवार, 7 जून

आज दिवसभर कागद आणि कॅल्क्युलेटर. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटरवर. हवेचा दाब इथे 92-93 किलोपास्कलच्या घरात, म्हणजे किनाऱ्यापेक्षा साधारण आठ-नऊ टक्के कमी. कारखान्याच्या आकड्यानुसार सव्वातीनशेच्या वर अश्वशक्ती देणारं हे इंजिन माझ्या शेडसमोर जेमतेम तीनशे देत असणार. सात हजार फेऱ्यांना ते सेकंदाला सुमारे 0.22 किलो हवा ओढतं.

त्यावर 0.4 बार बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब. एवढाच, आणि यावर मी ठाम आहे. इंजिनचं कॉम्प्रेशन 11 ला 1 आहे. पिस्टन, रॉड, हेड काहीही उघडायचं नाही, कारण इंजिन उघडलं की किट परवडणारं राहत नाही. सत्तर टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला तर हवा दाबताना 27 अंशांवरून 75 च्या आसपास जाते. इंटरकूलर ती पंचेचाळिसाच्या खाली आणेल. हवा साधारण 36 टक्के जास्त भरेल, आणि तीनशेचे चारशे होतील. परदेशी किटं याहून कितीतरी मोठे आकडे देतात. मला त्यांची चढाओढ करायची नाही. चारशे अश्वशक्ती, मूळ इंजिन आणि वर्षभर टिकणारे सांधे, एवढं मला पुरे आहे.

शुक्रवार, 27 जून

आषाढातला पहिला शुक्रवार. चामुंडीच्या दर्शनाला अख्खं म्हैसूर टेकडीकडे लोटलेलं, त्यामुळे वसाहतीत शुकशुकाट. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आलाय, तेव्हा टर्बो कोणता हा प्रश्न आज निकाली काढायला बसलो.

एकाऐवजी दोन का, हे मालकाने पुन्हा विचारलं. उत्तर इंजिनच्या रचनेतच आहे. व्ही-सिक्सच्या दोन बाजूंचा एक्झॉस्ट दोन विरुद्ध दिशांना निघतो. एकच टर्बो लावायचा तर एका बाजूचा तापलेला पाइप इंजिन ओलांडून दुसरीकडे न्यावा लागतो. वाटेत उष्णता हरवते आणि जागा खाल्ली जाते. शिवाय एका बाजूच्या तीन सिलिंडरांचा स्फोट दर 240 अंशांनी, अगदी समान अंतराने होतो. एकाचा झोत दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. तीन सिलिंडर आणि एक टर्बो ही जोडी निसर्गानेच लावून दिल्यासारखी आहे. 1981 च्या मासेराती बिटुर्बोपासून व्ही-सिक्सवाल्यांनी हीच वाट धरली, आणि निसाननेही पुढच्या झेडमध्ये 3 लीटरच्या व्ही-सिक्सवर कारखान्यातूनच दोन टर्बो बसवले.

स्वस्त टर्बो म्हटलं की पहिला हात डिझेलकडे जातो. आपल्याकडे रस्त्यावर लाखोंनी छोट्या डिझेल गाड्या, भंगार बाजारात टर्बोंचे ढीग. पण डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो. त्या तापमानाला बेतलेलं बीड आणि त्या बारीक फिरत्या पात्या पेट्रोलच्या साडेनऊशे अंशांत टिकतील याची खात्री मी कुणाला देऊ शकत नाही. टर्बाइनचा तुकडा उडाला तर पैसे वाचवल्याचं समाधान काय कामाचं?

मग 1.8 लीटरच्या पेट्रोल टर्बो गाड्या. आपल्या इंजिनची एक बाजू 1.85 लीटरची, म्हणजे माप जवळजवळ तंतोतंत. पण त्यांतल्या ज्या मला सहज मिळतात त्यांत टर्बाइनचं घर आणि चार सिलिंडरांचा मॅनिफोल्ड एकाच ओतकामात आहे. तीन सिलिंडरांना तो लावायचा तर कापावा लागेल, आणि कापलेलं बीड पुन्हा जोडण्यावर माझा विश्वास नाही.

शेवटी उत्तर निसानच्याच जुन्या घरात सापडलं. सिल्व्हियाचं दोन लीटरचं एसआर20डीईटी इंजिन एका टी25 टर्बोवर 205 पीएस द्यायचं. मला एका बाजूकडून दोनशे हवेत. टी25 चा फ्लॅन्ज जगभर प्रचलित, बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, आतच, साधं जर्नल बेअरिंग, पाण्याने थंड होणारा गाभा. बॉल बेअरिंगचा टर्बो लवकर फिरतो हे खरं, पण त्याच्या किमतीत माझ्या दोन्ही बाजू होतात. नवेच घ्यायचे, बिलासकट. इथे काटकसर नाही.

रविवार, 6 जुलै. आषाढी एकादशी

दाजींना बेळगावला फोन. उद्यमबागेत त्यांची फाउंड्री. आधी ताईने उपवासाचं काय केलंस विचारलं, मग फोन दाजींकडे. मॅनिफोल्ड ओतून घ्यायचा माझा विचार. दाजी म्हणाले, "नग किती, ते सांग आधी. दहासाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्स केलास तर खर्च कुणाच्या डोक्यावर घालणार?"

धातूचाही प्रश्न आहे. साधं एसजी बीड या तापमानाला पापुद्रे धरतं. सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं बीड बरं, पण पेट्रोलच्या वरच्या टोकाला तेही कमीच पडतं. डी5एस घ्यावं तर त्यात पस्तीस टक्क्यांच्या आसपास निकेल, आणि निकेलचा भाव. दाजींनी कच्चा हिशेब सांगितल्यावर मी गप्प झालो. "शंभर गाड्या झाल्या की ये. तोवर पाइप वळव," म्हणाले. धंद्यातला माणूस स्वतःचं काम नाकारून खरं सांगतो तेव्हा ते ऐकावं.

बुधवार, 9 जुलै

पाइपच. आणि पाइप आपल्या भागात काय मुबलक! साखर कारखाने, दूध डेअऱ्या, सगळीकडे स्टेनलेसच्या नळ्या आणि वेल्डिंगचे एल्बो. मंड्यापर्यंत जायचीही गरज पडली नाही, म्हैसुरातच व्यापाऱ्याकडे 304 चे जाड भिंतीचे दीड इंची एल्बो वजनावर मिळाले. दुधासाठी केलेली वस्तू धुरासाठी वापरायची. परवडणारं म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे: दुसऱ्या कुणासाठी हजारोंनी बनणारी चांगली वस्तू शोधून आपल्या कामाला लावायची. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुतीच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या त्या याच विचाराने. त्या गाड्यांतून शिकलेला नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत गेला. 1995 साली विमान अपघातात करिवर्धन गेले. ते असते तर आज या देशात किती जणांना शर्यतीची गाडी चालवायला मिळाली असती, याचा विचार मनातून जात नाही.

304 ची खोड म्हणजे ते तापल्यावर फार वाढतं. पंचवीस सेंटिमीटरची नळी साडेआठशे अंश चढली की चारएक मिलिमीटर लांबते. फ्लॅन्ज एकसंध ठेवला तर ही वाढ जायला जागा नाही. वेल्डजवळ तडा ठरलेला. म्हणून बारा मिलिमीटरच्या फ्लॅन्जला दोन पोर्टांच्या मध्ये आरपार खाचा. वेल्डिंग करताना फ्लॅन्ज जाड पोलादी जिगवर सगळ्या बोल्टांनी घट्ट. आधी चारी बाजूंनी टॅक, मग एका पोर्टवर थोडं, दुसऱ्यावर थोडं, नळीच्या आतून आर्गॉन. आतून आर्गॉन नसेल तर वेल्डच्या पाठीमागे काळी साखर धरते, आणि तिचा कण सुटला की थेट टर्बाइनच्या पात्यांवर.

रविवार, 13 जुलै

जावा-येझदी दिवस. जुलैचा दुसरा रविवार. सकाळपासून दोन सायलेन्सरांची ती ओळखीची फटफट शहरभर. रुस्तुम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1996 पर्यंत यादवगिरीत या मोटारसायकली बनवल्या. माझ्याकडचे वेल्डर अण्णा तिथल्याच सायलेन्सर विभागातले. आज सुटी असूनही दुपारी शेडवर आले, मॅनिफोल्ड उचलून प्रत्येक नळीत बोट घालून फिरवलं.

दोन ठिकाणी बोट थांबलं. "इथे पायरी आहे. घासून घे." दिसत नव्हती, बोटाला लागत होती. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या आतल्या आकारावर इंजिनची ताकद ठरते, कारण तिथून परतणारी दाबाची लाट सिलिंडरमधलं ताजं मिश्रण आत ढकलून ठेवते. ही मंडळी आयुष्यभर धुराच्या वाटेचा विचार करत आली. टर्बो म्हणजे त्याच धुराचा हिशेब. इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे फुकट जाते, आणि स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्ये तिच्यासाठीच पेटंट घेतलं. अण्णांना ब्युखी ठाऊक नाहीत. ब्युखींनी अण्णांना नक्की कामावर घेतलं असतं.

शुक्रवार, 18 जुलै

या किटचा सगळ्यात अवघड भाग कुणी फोटोत दाखवत नाही: तेलाची परतीची नळी. टर्बोच्या बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने जातं, पण बाहेर पडतं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, फेसाळलेलं. या गाडीत जागा खालीच आहे, त्यामुळे टर्बो संपमधल्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या तळटाकीतल्या, तेलाच्या पातळीजवळ येतो. उतार मिळाला नाही तर तेल बेअरिंगमध्ये तुंबतं, सीलमधून टर्बाइनकडे झिरपतं आणि मागे निळा धूर. लोक टर्बो खराब म्हणतात. खराब असते नळी.

विजेचा पंप लावून तेल ओढून घेता येतं. बऱ्याच किटांत तसंच आहे. पण तो पंप बंद पडला तर चालकाला कळेपर्यंत उशीर होतो, आणि दोन टर्बोंना दोन पंप. मला तो नको. आज मॅनिफोल्डची दिशा बदलून टर्बो वर घेतला. उजव्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, तिथे एक एल्बो फिरवून जागा काढली. आता दोन्ही परतीच्या नळ्या सरळ उतारावर संपच्या वरच्या भागात शिरतात. सपाट कुठेच नाही, वर चढणं कुठेच नाही. हे ड्रॉइंग मी स्वतःच्या हाताने काढलं.

मंगळवार, 29 जुलै

इंधन. आता पंपावर ई20 मिळतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि मिश्रण थंड राहतं, म्हणजे 11 ला 1 च्या इंजिनला बूस्टखाली ठोकण्यापासून, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्यापासून, आधारच. पण पूर्ण ज्वलनासाठी हवा-इंधन प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. इंजेक्टर आणि पंप ते धरून निवडले. मूळ संगणक ठेवून त्यातलेच नकाशे बदलायचे.

रविवार, 14 सप्टेंबर. चेट्टिपाळयम, कोइंबतूर

काल ट्रकवरून दिंबमच्या 27 वळणांच्या घाटाने उतरलो. आज करी मोटर स्पीडवे, करिवर्धन यांच्याच नावाचा ट्रॅक.

ट्रकमधून गाडी उतरायच्या आत एक गोष्ट केली. वेस्टगेटची स्प्रिंग बूस्ट मोजते ती भोवतालच्या हवेच्या तुलनेत. कोइंबतूर म्हैसूरपेक्षा साडेतीनशे मीटर खाली, हवा दाट. गेजवर तेच 0.4 दिसलं तरी सिलिंडरमधला खरा दाब इथे जास्त. वर शेडमध्ये निर्धोक असलेलं प्रज्वलन इथे ठोकू शकतं. म्हणून वरच्या दाबाला प्रज्वलन दोन अंश मागे घेतलं आणि मगच मालकाला किल्ली दिली. किटच्या पुस्तिकेत हे पहिल्या पानावर जाईल.

अण्णा पिटच्या भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या काही फेऱ्या बूस्टशिवाय, मग पूर्ण. साडेतीन हजारांच्या पुढे आवाजाखालून ती बारीक शीळ सुरू होते. मालक परत आला तेव्हा बोलायचं सोडून हसत होता. मी त्याच्याआधी गाडीच्या मागे गेलो: दोन्ही नळकांड्यांची तोंडं कोरडी, तेलाचा थेंब नाही. नोंदींत ठोकण्याचा मागमूस नाही. तेलाचं तापमान मात्र मला हवं त्याहून वर गेलं. ऑइल कूलर आता ऐच्छिक ठेवता येणार नाही, तो किटमध्येच द्यावा लागेल. डाव्या मॅनिफोल्डच्या मधल्या खाचेजवळ भिंग लावून पाहिलं, तडा नाही. खाच एक मिलिमीटरने रुंद करणार.

किंमत कूलर धरूनही आयात किटाच्या निम्म्याखाली बसते. परतीच्या वाटेवर दाजींना फोन केला, आणखी दोघांनी विचारणा केली आहे म्हणून सांगितलं. "म्हणजे अजून शंभराला सत्त्याण्णव कमी," दाजी म्हणाले, आणि पॅटर्नसाठी लाकूड कुठलं घ्यायचं ते सांगायला लागले.