समुद्राच्या घड्याळावर चाललेली सुट्टी

डॉर्सेटमधली सुट्टी आखायला बसलो, तेव्हा समोर तीन वेळापत्रकं होती. एक समुद्राचं, एक लष्कराच्या गोळीबाराचं आणि एक वाफेच्या आगगाडीचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या कौंटीत दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई असा लवाजमा घेऊन फिरायचं, तर तिन्हींचा मेळ घालावा लागतो. चारमथची पुळण ओहोटीलाच मोकळी होते, टाइनम गावात तोफांचा सराव नसेल तेव्हाच जाता येतं आणि स्वॉनिजची जुनी गाडी ठरलेल्या दिवशीच धावते. तेव्हा नियम एकच केला, एका दिवसाला एकच जागा. मोठ्या मुलाने नकाशावर केलेल्या खुणांपैकी निम्म्या त्यामुळे पुसाव्या लागल्या, पण उरलेल्या जागांना पुरेसा वेळ मिळाला. या किनाऱ्याला वेळ दिल्याशिवाय तो काही सांगत नाही.

एक्समथपासून स्टडलंडपर्यंतच्या सुमारे १५४ किलोमीटरच्या या पट्ट्याला ‘ज्युरासिक कोस्ट’ म्हणतात. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथले खडकांचे थर पूर्वेकडे कललेले आहेत. त्यामुळे पश्चिम टोकाला सर्वांत जुना, तांबडा, वाळवंटी काळातला खडक, मध्ये ज्युरासिक समुद्राच्या तळाचा करडा चिखल आणि पूर्वेला पांढराशुभ्र चॉक, असा १८.५ कोटी वर्षांचा इतिहास ओळीने मांडलेला दिसतो. आम्हीही तोच क्रम धरला. आधी पश्चिमेकडचं लाइम रीजिस, मग पूर्वेकडचं स्वॉनिज.

लाइमला लागूनच चारमथ आहे. आदल्या रात्री मी फोनवर ओहोटीची वेळ बघत होते, तेव्हा आईने विचारलं, “आज तिथी कुठली?” आई रत्नागिरीची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तिला लहानपणापासून तोंडपाठ. तो आमच्या किनाऱ्याचा, इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यामागचा चंद्र तोच आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण इथेही येतं, आणि त्या दिवसांत चारमथला ओहोटी दुपारच्या सुमारास असते. पोरांना घेऊन जाणाऱ्यांची ही मोठीच सोय. सकाळी आरामात न्याहारी करावी, पाणी उतरायला लागलं की पुळणीवर उतरावं आणि ते परत चढायच्या आत माघारी फिरावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चारमथ आणि लाइम यांच्यामध्ये एका बाजूला ढासळता कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीवर माणूस भरतीत अडकू शकतो.

चारमथच्या पुळणीलगतच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमधून जाणकार माणसं लोकांना जीवाश्म शोधायला घेऊन जातात. तिथे नाव नोंदवावं, असं मी आवर्जून सांगेन. आमच्या वाटाडीने आधी नियम सांगितले. कड्याच्या बुडाशी जायचं नाही, ओल्या चिखलाच्या लोंढ्यावर पाय ठेवायचा नाही, कडा खणायचा नाही. समुद्राने धुऊन बाहेर टाकलेलं, सुटं पडलेलं तेवढं वेचायचं. मग तिने मुलांना वाकायला लावलं. जिथे लाटांनी जड, काळपट खडी एका रेषेत गोळा केली होती, तिथे सावकाश नजर फिरवायची. पायराइटचे तुकडे जड असल्याने लाटेबरोबर परत जात नाहीत, तिथेच साचतात.

बराच वेळ काही मिळालं नाही. धाकटी कंटाळायच्या बेताला आली होती. आणि मग तिच्या तळहातावर नखाएवढा अ‍ॅमोनाइट आला. वाटोळा, पितळी रंगाचा, एकात एक वळत गेलेल्या कडांवर बारीक आडव्या रेघा. १९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात पोहणारा हा शिंपल्यातला जीव, माकूल आणि ऑक्टोपसचा दूरचा नातेवाईक. आईने तो चष्म्याजवळ धरला आणि म्हणाली, “अगं, हे तर शाळिग्रामातलं चक्र!”

तिचं बरोबर होतं. आपल्या देवघरांतले शाळिग्राम नेपाळमधल्या गंडकी नदीच्या पात्रातून येतात, आणि त्यातली चक्रं अशाच अ‍ॅमोनाइटांची. जिथे आज हिमालय उभा आहे, तिथल्या प्राचीन समुद्रातले ते जीव. इंग्लंडातल्या कोळ्या-शेतकऱ्यांना हेच दगड वेटोळं घातलेले, दगड झालेले साप वाटत. आईने मुलांना आमच्या घरच्या शाळिग्रामाची, तुळशीच्या लग्नाची गोष्ट तिथेच वाळूत उभ्याने सांगितली. वाटाडीही ऐकत राहिली. त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही आणि पाहायची गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी लाइम रीजिस. गाव उतारावर वसलेलं, खाली ‘कॉब’ नावाचा मध्ययुगीन दगडी धक्का समुद्रात वळत गेलेला. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएजन’मधली लुइझा याच धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडते, म्हणून वाचक मंडळी तो बघायला येतात. पण आमची मुलं आली होती मेरी अ‍ॅनिंगसाठी.

मेरीचा जन्म १७९९ चा. वडील सुतारकाम करत आणि फावल्या वेळात कड्यातले ‘चमत्कारिक दगड’ वेचून विकत. गिऱ्हाईक होतं सुट्टीवर आलेलं कुटुंब. समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते, असं डॉक्टर सांगू लागले होते. १७८९ साली खुद्द राजा तिसरा जॉर्ज जवळच्याच वेमथला समुद्रस्नानासाठी आला आणि या किनाऱ्याचं नाव झालं. फ्रान्सशी युद्ध पेटल्याने युरोपात फिरायला जाणं बंद झालं, तेव्हा सधन इंग्रजांनी आपल्याच देशाच्या समुद्राची वाट धरली. आज आपण ज्याला इंग्लिश समुद्रकाठची सुट्टी म्हणतो, तिची घडी त्या काळात बसत होती, आणि त्या सुट्टीकरांच्या चार पैशांवर अ‍ॅनिंगांची चूल पेटत होती.

१८१० मध्ये वडील गेले, मागे कर्ज राहिलं. पुढच्या वर्षी मेरीचा भाऊ जोसेफ याला कड्यात एक भली मोठी कवटी सापडली. बाकीचा सांगाडा मेरीने शोधून काढला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा होता. २३ पौंडांना विकला गेला. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या अशाच दुसऱ्या प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब, की पॅरिसच्या कूव्हिएसारख्या विद्वानाला आधी ते खोटंच वाटलं. तो खरा निघाला. ती हे सगळं हिवाळ्यात करी, कारण वादळं हिवाळ्यात कडा फोडतात. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला.

तिच्या राहत्या घराच्या जागी आज लाइमचं संग्रहालय आहे. पुस्तकात तिची हकीकत वाचणं वेगळं आणि त्या जागेवर उभं राहणं वेगळं. आमच्या मुलांनी मात्र सर्वांत जास्त वेळ काढला तो एका टेबलापाशी. त्यात जडवलेले गोल दगड म्हणजे प्राचीन प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. असे दगड इक्थिओसॉरच्या पोटाच्या भागात मिळतात, हे मेरीच्या लक्षात आलं होतं. त्यावरून विल्यम बकलंड या भूवैज्ञानिकाने ते काय आहेत हे जगाला सांगितलं. हे टेबल त्याचंच. ते प्राणी काय खात, हे त्यांत अडकलेल्या माशांच्या खवल्यांवरून कळतं. मोठ्याने ते वाचून धाकटीला समजावलं आणि दोघं परत परत वाकून खवले शोधू लागले.

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने मेरीला कधीच सभासद केलं नाही. स्त्रियांना तिथे सभासदत्व मिळालं ते १९१९ साली, मेरी जाऊन सात दशकं उलटल्यावर. २०२२ च्या मे महिन्यात, तिच्या जन्मदिवशी, लाइमच्या समुद्रकाठी तिचा पुतळा उभा राहिला. चालणारी मेरी, शेजारी ट्रे. गावात तिचा पुतळा का नाही, हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता, आणि तिने व तिच्या आईने लोकांकडून वर्गणी जमवली. आमच्या मुलांना हे समजल्यावर त्यांनी तो पुतळा जरा वेगळ्या नजरेने पाहिला.

तिथून पूर्वेकडे, पर्बेकच्या टेकड्यांत मुक्काम हलवला. इथे कॉर्फचा किल्ला आहे. नॉर्डन स्टेशनला गाडी लावावी आणि पुढे वाफेच्या आगगाडीने कॉर्फ आणि स्वॉनिज करावं. गावातल्या अरुंद रस्त्यावर जागा शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. रेल्वेची ही शाखा १८८५ मध्ये सुरू झाली आणि स्वॉनिज हे दगडाच्या खाणींचं गाव सुट्टीचं गाव बनलं. १९७२ च्या जानेवारीत ब्रिटिश रेल्वेने ती बंद केली आणि त्याच वर्षी रूळही उखडले. गावकऱ्यांनी आणि रेल्वेप्रेमींनी ते मान्य केलं नाही. स्टेशन ताब्यात घेऊन त्यांनी रूळ पुन्हा टाकायला सुरुवात केली. कॉर्फपर्यंत पोचायला १९९५ उजाडलं. आजही इंजिनात कोळसा टाकणारे, तिकिटं तपासणारे, फाटकं सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. आमचं तिकीट बघणाऱ्या आजोबांनी आईला हात देऊन डब्यात चढवलं आणि मुलांना सांगितलं, किल्ला डाव्या बाजूला दिसेल की उजव्या, ते तुम्हीच ओळखा. दोघं दोन खिडक्या धरून बसली.

किल्ला दिसतो आणि क्षणभर कळत नाही, की आपण काय बघतोय. बुरूज तिरके, एक भिंत टेकडीवरून घसरलेली, दरवाजाचा अर्धा भाग खाली खचलेला. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात हा किल्ला राजाच्या बाजूने लढवला तो लेडी मेरी बँक्स हिने. पती दूर असताना १६४३ मध्ये तिने, तिच्या मुलींनी, दासींनी आणि मूठभर शिपायांनी वरच्या तटावरून दगड आणि निखारे फेकून वेढा परतवला. १६४६ मध्ये आतल्याच एका अधिकाऱ्याच्या फितुरीने किल्ला पडला आणि पार्लमेंटने तो सुरुंग लावून उडवला. तो पुन्हा लढवता येऊ नये म्हणून.

मोठ्याने विचारलं, “आजी, आपल्याकडे पण असं केलंय ना?” केलंय. १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा आणि पायऱ्या अशाच फोडल्या. अलंग आणि मदन चढताना दोर लागतो तो त्यामुळेच. इकडे कॉर्फ पडत होता, साधारण त्याच सुमारास शिवरायांनी तोरणा घेतला होता. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला कॉर्फ लगेच कळतो. पुढे गावाने किल्ल्याचे दगड उचलून घरं बांधली, म्हणून किल्ला आणि गाव एकाच करड्या रंगाचे आहेत. वर चढायची वाट उभी आहे, ज्येष्ठांनी खालच्या आवारातून पाहिलं तरी चालतं. आई तिथेच गवतावर बसली, थर्मासातला चहा आणि मेथीचे ठेपले काढून.

टाइनमसाठी शनिवार-रविवार राखून ठेवला होता. बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत हा भाग खुला असतो. तरी लष्कराने जाहीर केलेल्या तारखा आधी पाहाव्यातच. १९४३ च्या नोव्हेंबरात या छोट्या गावातल्या प्रत्येक घरी पत्र आलं. रणगाड्यांच्या सरावासाठी जागा हवी आहे, नाताळाच्या आत घरं सोडा. सव्वादोनशेच्या आसपास माणसं निघाली. युद्ध संपल्यावर परत येऊ, अशा समजुतीने. जाताना कुणीतरी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली, घरांची काळजी घ्या म्हणून. १९४८ मध्ये सरकारने जमीन कायमची ताब्यात घेतली. कुणीही परत राहायला आलं नाही.

छपरं नसलेल्या भिंती, खिडक्यांतून वाढलेली झाडं. चर्च आणि शाळा मात्र नीट राखलेली आहेत. शाळेत छोटी बाकं आणि मुलांच्या वह्या मांडल्या आहेत. धाकटीने बाकावर बसून पाहिलं आणि विचारलं, “मग ती मुलं कुठे गेली?” या प्रश्नाच्या उत्तरात लपवाछपवी करू नये. विस्थापन हा शब्द आपल्याकडच्या धरणग्रस्तांना नवा नाही, आईने कोयनेची हकीकत सांगितली. घर देणाऱ्याने देशासाठी दिलं तरी त्याला दिलेला शब्द पाळला जावा, एवढं मुलांना कळलं. तिथून वॉरबॅरो उपसागरापर्यंत चालत जाता येतं. पिवळ्या खुणांच्या बाहेर पाऊल टाकू नये, न फुटलेले गोळे अजूनही असू शकतात.

या किनाऱ्यावर कुटुंबासह जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की जागांची यादी करू नका, माणसं शोधा. कडा मेरीने वाचला, रूळ स्वयंसेवकांनी परत टाकले, पुतळा एका मुलीने उभा केला, आणि टाइनमच्या लोकांनी जे गमावलं त्याची आठवण पुढच्यांनी राखली. मुलांना राजांच्या सनावळ्या लक्षात राहत नाहीत, पण कुणी काय केलं आणि कशासाठी केलं, हे राहतं. चारमथमध्ये तर त्यांना त्यात सामीलही होता येतं. लाटा रोज कडा फोडतात, आणि वेळेत उचलला नाही तर तोच समुद्र जीवाश्माचा चुरा करतो. तिथे वेचणं म्हणजेच राखणं. खास काही सापडलं तर सेंटरमध्ये दाखवावं, ही तिथली रीत. शाळेच्या सुट्टीमुळे आम्ही उन्हाळ्यात गेलो, पण मेरीचा हंगाम हिवाळ्याचा. पुढच्या खेपेला वादळ ओसरल्यावर, गमबूट घालून, वाटाडीच्या मागोमाग, दुपारच्या ओहोटीला जायचं, असं मुलांनी ठरवून टाकलंय. तारीख काढायचं काम आजीकडे दिलंय.